वाइनच्या द्राक्षबागेची शिवारफेरी : आपली जमीन, वाइनची पारख आणि उसासाठी धडा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गेली दोन-तीन वर्षे शेतकी खात्याच्या ऑफिसात एक प्रश्न वारंवार येतो. सभासदाचा मुलगा शिकून आलेला असतो, गंगापूर रोडला किंवा दिंडोरीकडे मोठमोठ्या वायनऱ्या बघून आलेला असतो, आणि विचारतो, "साहेब, दोन एकर ऊस मोडून वाइनची द्राक्षं लावली तर कसं?" बाप बाजूला गप्प उभा असतो. त्याच्या डोळ्यात दुसराच प्रश्न असतो : "साहेब, पोराला काय सांगू?"

तोंडी उत्तर देऊन भागत नाही, म्हणून मागच्या गळीत हंगामात, तोडीचा कार्यक्रम सांभाळून, एका रविवारी आम्ही अठ्ठावीस सभासदांची एक शिवारफेरी गंगापूर धरणाच्या अंगच्या एका वायनरीवर नेली. बाग बघितली, कारखाना बघितला, आणि ज्यांची इच्छा होती त्यांनी वाइनची चवही घेतली. जे दिसले आणि त्यावरून जे शिकण्यासारखे वाटले ते खाली देत आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख पिण्याची भलामण करण्यासाठी लिहिलेला नाही. आपल्या सभासदांत माळकरी आहेत, आणि दारूने घर बुडालेले शेजारीही सर्वांनी पाहिले आहेत. वाइनमध्येही अल्कोहोल असतेच. परंतु जे पीक आपल्या जिल्ह्यात उभे आहे आणि ज्यासाठी आपला ऊस मोडायचा विचार चालला आहे, ते समजून घेणे हे शेतकऱ्याचे कामच आहे.

१) आपल्या पायाखालची जमीन

बसमध्ये पहिला प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला, की परदेशात "ज्वालामुखीच्या जमिनीतली वाइन" म्हणून जास्त भाव घेतात, ती जमीन कशी असते? मी म्हटले, खिडकीतून बाहेर बघा. तीच आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाखाली आहे. यालाच दख्खन ट्रॅप म्हणतात. कसारा घाट चढताना डोंगराला ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली तो हाच दगड. त्यातील पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या तर आपल्या पोरांनीही गोळा केल्या आहेत. सिन्नरला त्यांचे मोठे संग्रहालय आहे.

हा पाषाण झिजून दोन प्रकारची जमीन झाली. सखल भागात, नदीकाठी साठली ती खोल काळी. उतारावर आणि माळावर राहिली ती उथळ, मुरमाड. काळी जमीन पाणी धरते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उसाला ती मानवते. द्राक्षवेलीला मात्र खोल काळ्या जमिनीत पाणी आणि नत्र जास्त मिळते, वेल नुसता फोफावतो, पानोळा दाट होतो, आणि घडात गोडी व रंग कमी उतरतो. वाइनचा बागायतदार म्हणून मुरमाड, निचऱ्याची, उताराची जमीन शोधतो. आपण जिला "हलकी" म्हणून नाक मुरडतो तीच त्याला हवी असते.

जगात अशा जमिनी ठिकठिकाणी आहेत. ग्रीसचे सांतोरिनी बेट हे ज्वालामुखीचेच तोंड आहे. तिथे वारा इतका की वेल मांडवावर न चढवता जमिनीसरपट टोपलीसारखे गोल वळवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतो. इटलीत सिसिलीचा एटना डोंगर तर अजून धुमसतो, आणि त्याच्या उतारावर द्राक्षबागा आहेत.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेले ते स्पेनच्या ताब्यातील लांझारोते बेट. १७३० ते १७३६ या काळात तिथे उद्रेक होत राहिले आणि चांगली शेते काळ्या राखेखाली गाडली गेली. शेतकऱ्यांनी राखेत खोल खड्डे खणले, खालची माती गाठली, एकेका खड्ड्यात एकेक वेल लावला आणि वाऱ्याला आडोसा म्हणून दगडाची अर्धगोल ताल घातली. पाऊस तिथे अगदीच थोडा. पण वरची राख आच्छादनाचे काम करते, ओल उडू देत नाही. बंधूंनो, आपण पाचट पेटवून देतो तेव्हा या लोकांची आठवण ठेवा. त्यांनी राखेचे आच्छादन केले आणि शेती वाचवली; आपण आच्छादनाची राख करतो.

एक गैरसमजही दूर करतो. ज्वालामुखीच्या दगडाची चव सरळ मुळातून द्राक्षात आणि तिथून वाइनमध्ये उतरते असे जाहिरातीत सांगतात. तसे सिद्ध झालेले नाही. जमीन चव घडवते ती निचरा, ओल, मुळांची खोली आणि अन्नद्रव्ये यांच्या मार्गाने. आपल्याकडेही नदीकाठचा ऊस आणि माळावरचा ऊस यांच्या गुळाची चव वेगळी लागते, ती याच कारणाने.

२) खायचे द्राक्ष निराळे, वाइनचे निराळे

जिल्ह्यात द्राक्ष नवे नाही. १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षलागवडीची सुरुवात केली असे मानतात. पुढे निफाड, दिंडोरी, चांदवड भागात थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या बिनबियांच्या जाती पसरल्या. ही सारी खायची द्राक्षे.

वाइनच्या जाती वेगळ्या. पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ, काळ्यात शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों या आपल्याकडे मुख्य. मणी लहान, बी असलेला, साल जाड. खायच्या द्राक्षाला मणी फुगवण्यासाठी जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवतात. वाइनला मणी फुगवायचा नसतो, कारण रंग आणि वास सालीत असतो. मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. वजनाचा हिशेब इथे उलटा आहे. जास्त घड ठेवले तर वजन वाढते पण प्रत उतरते, म्हणून चांगल्या वाइनसाठी घड विरळ करून उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात. हे ऐकल्यावर आमच्या बसमधील अर्ध्या मंडळींनी एकमेकांकडे बघितले.

युरोपात द्राक्षाची तोड साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षाची तोड जानेवारी ते मार्च. म्हणजे आपला गळीत हंगाम आणि त्यांचा हंगाम एकाच वेळी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. थंडीत दिवसा कडक ऊन आणि रात्री पारा बरेचदा दहा अंशांच्या खाली. रात्रीच्या थंडीने मण्यातील आंबटपणा टिकतो, दिवसाच्या उन्हाने साखर भरते. हीच थंडी आपल्या उसालाही साखर भरायला मदत करते.

३) वायनरी आणि साखर कारखाना

वायनरीत शिरल्यावर आपल्या सभासदांना फारसे परके वाटले नाही. इथेही गाळप आहे, रस आहे, टाक्या आहेत, लॅबोरेटरी आहे. फरक समजून घेऊ.

ब्रिक्स : आपण हँड रिफ्रॅक्टोमीटरने उसाचा ब्रिक्स बघतो, तेच उपकरण तिथे बागेत फिरते. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स साधारण १८ ते २२, वाइनच्या पक्व द्राक्षाचा २० ते २४. पण उसातील साखर मुख्यतः सुक्रोज, ती स्फटिक होऊन पोत्यात भरते. द्राक्षातील साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तिचे यीस्ट थेट अल्कोहोल करते. २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा टक्के अल्कोहोलची वाइन होते.

आंबवण : यीस्ट मुळात आपल्या आसवनीत मळी आंबवते त्याच जातीचे. परंतु आसवनीत आंबवणानंतर ते उकळून त्याची वाफ गोळा करतात, त्यातून कडक स्पिरिट निघते. वाइन उकळत नाहीत. फक्त आंबवायची, गाळायची, मुरवायची. आयुर्वेदातील द्राक्षासव हा या आंबवण्याचाच एक जुना औषधी प्रकार.

पांढरी आणि लाल : काळ्या द्राक्षाचा मणी पिळून बघा, आतील रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग सालीत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि साधारण १२ ते १८ अंशांवर सावकाश आंबवतात. म्हणून स्टीलच्या टाक्यांना बाहेरून थंड पाण्याचे कवच असते. लाल वाइनसाठी सालीसकट आंबवतात, तापमान थोडे जास्त ठेवतात, आणि वर आलेल्या सालीच्या थरावर खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा सोडतात. साल थोडेच तास ठेवली तर गुलाबी, म्हणजे रोझे. काही लाल वाइन पुढे ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपात मुरवतात.

गंधक : आपल्याकडे रस साफ करायला गंधकाचा धूर देतात. वाइनमध्येही ती खराब होऊ नये म्हणून तोच वायू अगदी अल्प प्रमाणात वापरतात.

ताजेपणा : द्राक्ष पहाटे किंवा रात्री तोडतात, गारव्यात आणतात आणि त्याच दिवशी गाळतात. "दोन दिवस ट्रॉलीत राहिलं तर काय होतं?" असे एका सभासदाने विचारले. तिथला माणूस म्हणाला, "मग आम्ही घेत नाही." आमचा चिटबॉय मागे उभा होता, तो हसला. का हसला ते सांगायला नको.

उतारा : एक टन द्राक्षातून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीला किलोपेक्षा थोडे जास्त द्राक्ष लागते. बाटलीची किंमत आणि द्राक्षाचा भाव यांच्यात जे अंतर आहे ते प्रक्रिया, साठवण, कर, विक्री आणि नाव यांचे आहे. साखरेच्या बाबतीत ते अंतर शेतकऱ्याच्या हातात यावे म्हणूनच सहकारी कारखाने निघाले, हे विसरू नये.

४) वाइनची पारख कशी करतात

चव घेण्याच्या खोलीत प्रत्येकापुढे पाच-सहा ग्लास, प्रत्येकात दोन-तीन घोट. ज्यांना नको त्यांना पाणी आणि द्राक्षाचा रस. कायद्याने ठरलेल्या वयाखालच्या मुलांना चव देत नाहीत. गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. आमच्या ड्रायव्हरने चहा घेतला.

पारख म्हणजे पिणे नव्हे. पारख करणारे जाणते लोक बरेचदा घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकतात, कारण दहा-बारा नमुने तपासायचे तर डोके ताळ्यावर राहिले पाहिजे. पद्धत अशी :

पहिले, बघणे. ग्लास खालच्या दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा. पांढरी वाइन जुनी होत जाते तशी पिवळसर, पुढे तपकिरी होते. लाल जुनी होते तशी विटकरी होते. गढूळपणा असेल तर तो कळतो.

दुसरे, वास. आधी न हलवता, मग ग्लास गोल फिरवून. फिरवल्याने वास मोकळा होतो. चवीचा मोठा भाग नाकानेच कळतो. सर्दीत भाजी बेचव लागते ती याच कारणाने. सोव्हिन्यों ब्लाँला हिरवी मिरची, ओले गवत, पेरू यांसारखा वास येतो. शिराझला काळ्या मिरीसारखा. बाहेरून काही घातलेले नसते, हे वास द्राक्षातून आणि आंबवणातून तयार होतात. व्हिनेगरसारखा आंबूस किंवा ओल्या कुजक्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर वाइन बिघडलेली समजावी.

तिसरे, चव. लहान घोट घेऊन तोंडभर फिरवायचा. चार गोष्टी शोधायच्या. गोडी : जिभेला कळते. आंबटपणा : गालाच्या आतून लाळ सुटते, कैरीसारखी. तुरटपणा : हिरड्या आवळतात, जांभूळ खाल्ल्यासारखे, तो सालीतून आणि बियांतून येतो म्हणून लालमध्ये जास्त. ऊब : घशाशी जाणवते, ती अल्कोहोलची. यातील एकच गोष्ट पुढे पुढे करत असेल तर वाइन साधारण. चारही एकमेकांना सांभाळून असतील तर चांगली.

चौथे, घोट गेल्यावर चव किती वेळ राहते ते बघणे. क्रम नेहमी हलक्याकडून भारीकडे : आधी पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी गोड.

आमच्यात एक ज्येष्ठ सभासद होते, सगळे त्यांना नाना म्हणतात. गळ्यात माळ, पन्नास वर्षांची वारी. त्यांनी ग्लासला तोंड लावले नाही. मी म्हटले, "नाना, तुम्ही बाहेर सावलीत बसा वाटल्यास." ते म्हणाले, "वास घ्यायला काय हरकत हाये? पीक तर आपल्याच मातीतलं." त्यांनी ग्लास फिरवला, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "पेरू. अर्धवट पिकलेला." वायनरीचा माणूस चकित झाला. तीच वाइन इतर सात-आठ जणांनी पिऊन बघितली होती, आणि कोणाला काही सांगता आले नव्हते. ज्याने आयुष्यभर गुळाची चव, कडब्याचा वास आणि मातीची ओल पारखली त्याला शिकवायचे फारसे काही नसते. फक्त थांबून लक्ष द्यायला हवे.

५) तेजी, मंदी आणि माझी चूक

आता महत्त्वाचे. हा धंदा आपल्याकडे कसा आला आणि त्यात शेतकऱ्याचे काय झाले?

१९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला फेसाळ वाइनचा कारखाना निघाला. १९९७ साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ घरच्या जमिनीवर वाइनच्या जाती लावल्या. त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले, करात सवलती मिळाल्या. वायनऱ्या भराभर वाढल्या. द्राक्ष कमी पडू लागले आणि जो तो शेतकऱ्याच्या बांधावर येऊ लागला.

मी त्या वेळी नुकताच नोकरीला लागलेला होतो. कृषी पदविकेचे पुस्तक ताजे होते, आणि नव्याचे वेड होते. २००६ साली थोरल्या बंधूंना मी सांगितले, दोन एकर खोडवा मोडा आणि शिराझ लावा. एका कंपनीचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला होता. किलोला तीस रुपये देऊ म्हणाला. कागद काही केला नाही. बंधूंनी विचारले, तेव्हा मीच म्हटले, "दादा, एवढी मोठी कंपनी आहे, पळून थोडीच जातीये." सोसायटीचे कर्ज काढून लोखंडी अँगल, तारा, ठिबक सगळे उभे केले.

२००८ साली जगभर मंदी आली, वर्षअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २००९ च्या हंगामात आमचा माल पिकून उभा, आणि उचलायला कोणी येईना. फोन उचलला जाईना. खायला म्हणून बाजारात न्यावा तर मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. बेदाणा करावा तर बिया. व्यापाऱ्याने हात लावला नाही. शेवटी मिळेल त्या भावात थोडा गेला, बाकी वेलीवर सुकला. २०१० साली बंधूंनी बाग काढली आणि पुन्हा ऊस लावला. कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. त्या काळात जिल्ह्यात बाग मोडणारे ते एकटे नव्हते.

बंधू मला कधी बोलले नाहीत. वहिनी एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, उसाला निदान काटा तरी हाये." त्या काट्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. उसाला वजनकाटा आहे, कायद्याने ठरलेला एफआरपी आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले गेले नाही तर भांडायला जागा आहे. आणि आपल्या कारखान्यात तर वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत उभे राहून चेअरमनला जाब विचारता येतो. वाइनच्या द्राक्षाला किमान भावाचा असा कोणताही कायदा नाही. तिथे शेतकऱ्याच्या हातात फक्त कराराचा कागद असतो, आणि आम्ही तोच केला नव्हता.

धंदा पुढे सावरला. "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात गेली. तिकडे सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या अकलूज भागातही वाइनच्या बागा उभ्या राहिल्या. म्हणजे पीक वाईट नाही. चांगला करार असलेले बागायतदार त्यात टिकले आहेत. चूक पिकाची नव्हती, आमची होती.

६) तरीही लावायचेच असेल तर

१. आधी करार, मग खड्डा. करार लेखी, नोंदणी केलेला, निदान पाच वर्षांचा. वेलाला पहिले चांगले पीक यायला दोन-अडीच वर्षे लागतात आणि बाग पंधरा वर्षे उभी राहते. एका हंगामाचा करार कामाचा नाही.

२. करारात जात, खुंट, किमान ब्रिक्स, आंबटपणाची मर्यादा, एकरी जास्तीत जास्त टन, तोडीची तारीख कोण ठरवणार, वाहतूक कोणाकडे, पैसे किती दिवसांत, आणि माल उचलला नाही तर भरपाई किती, हे सगळे स्पष्ट असावे.

३. ब्रिक्स मोजताना आपला माणूस हजर असावा आणि आकडा जागेवर लिहून सही घ्यावी.

४. माती आणि पाणी तपासून घ्या. चुनखडीची, चोपण किंवा क्षारपड जमीन असेल तर खुंटाची निवड तज्ज्ञाला विचारूनच करा. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचा सल्ला घ्या. कंपनीच्या माणसाचा सल्ला एकटा पुरेसा नाही.

५. सगळा ऊस मोडू नका. ज्या माळावर ऊस नीट येत नाही आणि पाणी कमी आहे, तिथेच विचार करा. काळ्या खोल जमिनीत वाइनचे द्राक्ष लावणे म्हणजे दोन्ही पिकांचे नुकसान.

६. वायनरीकडे ठराविक तोडीसाठी किती टाक्या मोकळ्या आहेत, मागील हंगामाचे पैसे शेतकऱ्यांना कधी मिळाले, हे तिथल्या दोन जुन्या बागायतदारांना घरी जाऊन विचारा.

७) उसासाठी धडा

ज्यांना द्राक्ष लावायचे नाही त्यांनीही या फेरीतून एक गोष्ट घ्यावी. तिथे प्रत्येक प्लॉटची वही आहे. छाटणी कधी, पाणी कधी तोडले, ब्रिक्स कोणत्या दिवशी किती. आपल्याकडे उसाचा भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. नीट पक्व, स्वच्छ ऊस घालणारा आणि कोवळा, पाचटाचा ऊस घालणारा, दोघांना एकच दर. म्हणून "मी एकट्याने काळजी घेऊन काय उपयोग" असे वाटते. सर्वांचा रस गव्हाणीवरच एकत्र होतो, त्यामुळे प्रत्येकाचा उतारा वेगळा काढणे आज तरी शक्य नाही, हे मान्य. परंतु सरासरी आपल्या सर्वांचीच बनते. उतारा वाढला की एफआरपीही वाढतो.

तेव्हा हे करून बघा :

तोडीच्या आधी हँड रिफ्रॅक्टोमीटरने उसाच्या शेंड्याकडचा आणि बुडख्याचा ब्रिक्स बघा. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर ऊस पक्व झाला. शेंडा बराच मागे असेल तर थांबा. उपकरण गट ऑफिसात ठेवले आहे, मागून घ्या.

नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीच्या पुढे नेऊ नका. उशिरा दिलेल्या युरियाने पाला वाढतो, साखर नाही. द्राक्षवाले हेच सांगतात.

तोडीपूर्वी जमिनीप्रमाणे दहा-पंधरा दिवस पाणी तोडा.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीवर यावा. बांधावर पडून राहिलेल्या उसाचे वजनही घटते आणि सुक्रोजही फुटते. टोळीशी आणि चिटबॉयशी आदल्या दिवशी बोलून ठेवा.

वाढे, पाचट, मुळ्यांची माती ट्रॉलीत येऊ देऊ नका. पाचट जाळू नका. सरीत कुट्टी करून ठेवा. लांझारोतेच्या शेतकऱ्याला राख वापरावी लागली, आपल्याकडे तर त्याहून चांगले आच्छादन फुकट आहे.

परतीच्या वाटेवर बस धरणाच्या कडेने येत होती. तो प्रश्न विचारणारा तरुण सभासद नानांच्या शेजारी बसला होता. त्याने विचारले, "नाना, मग लावू का नको?" नाना म्हणाले, "लाव. पण कागद केल्याबिगर एक डोळा सुदिक लावू नको. अन् काळ्या रानाला हात लावू नको." माझे वीस वर्षांचे शिक्षण त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

ज्या सभासदांना करार वाचून दाखवायचा असेल त्यांनी तो घेऊन मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, शेतकी खात्यात यावे. सहीच्या आधी या. सही झाल्यावर आलात तर चहा देईन, पण सल्ला देता येणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी